एका वाक्याचा उच्चार

सत्तरी ओलांडल्यावर मी इंग्रजी बोलण्याच्या वर्गात नाव घातले. घरी सांगितले नाही. संध्याकाळी फिरायला जातो असे सांगून निघत असे आणि कर्जतच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानावर जो जिना जातो, तो चढत असे. जिन्यापाशी ओळखीचे कोणी दिसले तर मी दुकानात वळत असे आणि आधार कार्डाची एक प्रत काढून घेत असे. दुकानदार एकदा म्हणाला, “काका, रोज एकेक काढता. एकदमच गठ्ठा काढून ठेवा की. का सरकार तुमच्यावर विश्वासच ठेवत नाही?” मी पैसे दिले आणि वर गेलो.

मला इंग्रजी येत नव्हते असे नाही. साजगावच्या एका कारखान्यात मी उभे आयुष्य काढले. शेवटी यंत्रदुरुस्ती विभागाचा पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. पाळी संपताना अहवाल इंग्रजीत लिहावा लागे आणि माझा अहवाल वरिष्ठ दुसऱ्यांना नमुना म्हणून दाखवीत. पंपातून गळती आढळली. दुरुस्ती करण्यात आली. स्थिती समाधानकारक. त्यात व्याकरणाची चूक कधी निघाली नाही. परंतु तेच इंग्रजी तोंडाने बोलायची वेळ आली की माझी जीभ उचलत नसे. परदेशी अभियंते नवे यंत्र बसवायला आले तेव्हा त्यांच्या प्रश्नांना मी बोटाने उत्तरे दिली. ही झडप, तो नळ, इकडे पाहा. बोलण्याचे काम माझ्या हाताखालच्या पोराने केले. लोक समजत की मी मितभाषी आहे. मितभाषी माणसाची अब्रू शाबूत राहते. मी तो गैरसमज निवृत्तीपर्यंत जपला.

निवृत्तीनंतर तो गैरसमज घरात कामाला आला.

माझ्या मुलाने बंगळुरूत नोकरी करताना केरळातल्या मुलीशी लग्न केले. माझी हरकत नव्हती. हरकत नाही हे मी मुलाला सांगितले, तिला सांगितले नाही. तेव्हा पत्नी हयात होती. ती आणि सून खाणाखुणांवर आणि मोडक्या हिंदीवर तासन्‌तास काढीत आणि हसत. मला मध्ये पडण्याची गरज पडली नाही. पत्नी गेली. मग नात झाली, आणि मी एकटा राहू नये म्हणून ती दोघे कर्जतला राहायला आली. मुलगा बहुतेक दिवस नवी मुंबईला जाई. सून माडीवरच्या खोलीत संगणकावर तिच्या कंपनीचे काम करी. नवरा-बायकोची आपसातली भाषा इंग्रजी; ती भराभर बोललेली मला कळत नसे आणि हे दोघांना ठाऊक होते. दिवसभर घरात मी, ती, नात, आणि डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवरून घरकामाला येणारी बाई.

सून मराठी शिकली ती या बाईकडून. मी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असे आणि स्वयंपाकघरातले ऐकू येई.

“ताई, कांदा सपला.”

“सपला?”

“नाय. कांदा नाय आता. हे बघ, टोपली रिकामी.”

“कांदा नाय.”

“अगं बाय! बोलली गं ताई! आता बोल, नवरा घरी नाय.”

“नवरा घरी नाय.”

“मग मज्जा हाय.”

दोघी हसत. मग ते शब्द घरभर फिरू लागले. पाणी नाय, लाईट नाय, बाळ झोपत नाय. मला ते टोचे. त्याचे कारण मला ठाऊक होते. माझा जन्म कडावचा. आमच्याकडे सगळे हाय आणि नाय म्हणत, मीही म्हणत असे. पुढे कर्जतच्या शाळेत आलो तेव्हा वर्गाने मला त्यावरून हसून घेतले. ते दोन शब्द तोंडातून काढून टाकायला मला काही वर्षे लागली. काढल्यावर मी ते माझ्या घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत. पत्नीला येऊ दिले नाहीत, मुलाला येऊ दिले नाहीत.

एके दिवशी कडावहून माझी धाकटी बहीण वालाच्या शेंगा घेऊन आली. आम्ही पुढच्या खोलीत बसलो होतो. सून चहाचा ट्रे घेऊन आली. तिने कप बहिणीच्या हातात दिला आणि म्हणाली, “आत्या, चहा घ्या. साखर नाय टाकली.”

बहिणीला मधुमेह आहे, हे तिने लक्षात ठेवले होते. आमच्यासमोर तिने बोललेले ते पहिले पुरे मराठी वाक्य होते. आज मला वाटते की ते तिने आत उभे राहून घोकले असावे. मी म्हणालो, “‘नाय’ नाही. ‘नाही’. या घरात नाही म्हणतात. पुन्हा म्हण.”

“नाही,” ती म्हणाली. उच्चार अगदी बरोबर होता.

बहीण हसायला लागली. “झाला मास्तर सुरू! दादा, मी पन नायच बोलते की रं. मला पन उभी कर कोपऱ्यात. आणि तू कडावात व्हतास तवा काय संस्कृत बोलायचास?”

सूनही हसली. ट्रे घेऊन आत गेली. त्यानंतर ती माझ्यासमोर मराठी बोलली नाही. स्वयंपाकघरात त्या दोघींचे बोलणे चाले, पण हलक्या आवाजात, आणि मी खाकरलो की थांबे. हे माझ्या उशिरा ध्यानात आले. ध्यानात आले तेव्हा मला त्यात काही गैर वाटले नाही. घर शांत होते.

वर्गात मी गेलो तो सुनेसाठी नाही, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. नात बोलू लागली होती आणि आईबापांचे ऐकून तिचे निम्मे बोलणे इंग्रजीत होते. ती माझ्या गुडघ्याला धरून काही विचारी आणि मी मान हलवी. काही दिवसांनी ती विचारायचे थांबली. आईचा हात धरून तिला माझ्यापर्यंत आणी आणि मग आईला विचारी. दोन वर्षांच्या मुलापुढे मितभाषी राहता येत नाही.

वर्ग घेणारा तरुण बाजारातल्या एका मुसलमान घरातला. मूळचे किनाऱ्याकडचे लोक. आखातातल्या हॉटेलांत नोकरी करून परत आलेला. मला चाचा म्हणे. वर्गात नेरळची एक मुलगी होती, इस्पितळाच्या स्वागतकक्षातल्या नोकरीसाठी मुलाखत द्यायची होती तिला. फार्महाउसांवर पाहुणे पोहोचवणारा एक टेंपोवाला होता. आणखी काही मुले. सगळी माझ्या नातवंडांच्या नाही तरी मुलांच्या वयाची. नियम एकच. प्रत्येकाने उभे राहून दिवसभरात काय केले ते सांगायचे आणि ज्याला चूक ऐकू येईल त्याने बाकावर हात आपटायचा. बोलणाऱ्याने थांबायचे, तो शब्द पुन्हा म्हणायचा. शिक्षकाचे म्हणणे असे की याने भीती मरते.

पहिल्या दिवशी मी उभा राहिलो आणि माझ्या तोंडून पाळीचा अहवाल बाहेर पडला. सकाळचा चहा घेण्यात आला. फेरफटका पूर्ण करण्यात आला. दुपारी झोप समाधानकारक आढळली. बाकांवर हात आपटायचे राहूनच गेले, कारण सगळे हसत होते.

“बरोबर आहे चाचा, एकदम बरोबर,” शिक्षक म्हणाला. “पण चहा घेतला कोणी? झोपलं कोण? तुम्ही कुठे आहात यात?”

“सरजी, काका सुपरवायझर,” टेंपोवाला म्हणाला. “झोपायला दुसरा माणूस लावला असेल.”

मी खाली बसलो. तरी दुसऱ्या दिवशी गेलो.

वर्गात बोलणे सुधारायला वेळ लागला. ऐकणे मात्र लवकर सुधारले. शिक्षक सांगे त्याप्रमाणे मी फोनवर इंग्रजी संभाषणे ऐकत असे, आणि एके दिवशी माझ्या ध्यानात आले की घरात मुलगा आणि सून जे भराभर बोलतात ते मला कळते आहे. सगळे कळते आहे. त्याच दिवशी मी ते सांगायला हवे होते. सांगितले असते तर त्यांनी इंग्रजीत उत्तर अपेक्षिले असते. मी गप्प राहिलो. ती दोघे माझ्यासमोर बोलत राहिली, जसे भिंतीसमोर बोलतात.

एका बुधवारी रात्रीच्या जेवणाला आम्ही तिघे बसलो होतो. सून इंग्रजीत म्हणाली की कंपनीने तिला कोचीच्या कार्यालयात बोलावले आहे, घरून काम बंद होणार आहे, आणि सोमवारपर्यंत उत्तर हवे आहे. तिची आई तिथे जवळच राहते. मुलालाही त्याच्या कंपनीत तिकडे बदली मिळू शकेल.

“बाबा एकटे पडतील,” मुलगा म्हणाला.

“आपण इथे असतानाही ते एकटेच आहेत,” ती म्हणाली. “गॅसवाल्याशी चार शब्द बोलतात. माझ्याशी नाही. मी त्यांच्यासाठी त्यांची भाषा शिकायला घेतली होती. त्यांनी ती चुकीची म्हणून मला परत केली.”

तिच्या आवाजात राग नव्हता. मुलगा म्हणाला की बाबांचा स्वभावच तसा आहे. ती म्हणाली, “असेल. पण त्यांनी एकदा, फक्त एकदा जरी सांगितलं की तुम्ही इथे राहा, तर मी कोचीला नाही म्हणेन. दुसरी नोकरी बघेन. पण मला नको असलेल्या पाहुण्यासारखं राहायचं नाही.”

मुलाने आमटीचे पातेले माझ्याकडे सरकवले. “बाबा, आमटी वाढू?”

“नको,” मी म्हणालो.

माझ्या ताटातला भात तसाच होता. तो मी कोरडाच खाल्ला.

गुरुवारी मी वर्गात लवकर गेलो. शिक्षकाला म्हणालो की मला एकच वाक्य शिकायचे आहे, घरातल्या माणसाला राहण्याची विनंती करायची आहे. तो म्हणाला, “आधी मराठीत सांगा, मग आपण इंग्रजी करू.”

मी म्हणालो, “आपण येथे वास्तव्य करावे अशी माझी इच्छा आहे.”

“चाचा, हे तर ग्रामपंचायतीला निवेदन झालं. घरी बोलता तसं बोला ना.”

“घरी मी बोलत नाही.”

त्याने खुर्ची पुढे ओढली. मी पुन्हा प्रयत्न केला; चूक माझी होती हेही सांगितले. जे म्हणायचे होते ते मराठीत कोणालाही मी कधी म्हटलेले नव्हते. पत्नीलाही नाही. ती माहेरी गेली की परत ये असे मी पत्रातही लिहीत नसे, मुलाच्या शाळेची तारीख कळवीत असे. शेवटी त्यानेच वाक्य करून दिले. प्लीज स्टे, आय वॉन्ट यू हिअर, आय वॉज राँग. अगदी छोटे. एवढ्यात मुले आली आणि तो म्हणाला, उभे राहून म्हणा, भीती मरू द्या.

मी उभा राहिलो. ‘वॉन्ट’वर टेंपोवाल्याचा हात बाकावर पडला. मी पुन्हा म्हणालो. पुन्हा पडला. ओठ गोल करा, दात लावू नका, शिक्षक म्हणाला. मी ओठ गोल केले. या वेळी नेरळच्या मुलीने हात आपटला आणि ती हसली. तिच्या हसण्यात खोट नव्हती. तिला खरोखर माझा उच्चार सुधारायचा होता. पुढचे शब्द मला येत होते, समोर दिसत होते, पण बाहेर येईनात. सगळे वाट पाहत होते आणि मी हात बाकावर टेकवून उभा होतो.

तेव्हा मला तो चहाचा ट्रे आठवला. माझ्या बोलण्यातही खोट नव्हती. मलाही तिचा उच्चार सुधारायचा होता.

इतके कळल्यावर त्याच संध्याकाळी घरी जाऊन, जसे येईल तसे, बोलायला हवे होते. मी तसे केले नाही. मी ठरवले की आधी उच्चार पक्का करायचा. सोमवारला अवकाश होता. शुक्रवारी दुपारी आणि शनिवारी दिवसभर मी उल्हास नदीच्या काठी, पुलापासून दूर जाऊन, ते वाक्य म्हणत होतो. ओठ गोल करून. पाण्यात म्हैस धूत असलेल्या एका माणसाने हाक मारली, “बाबा, कोनाशी बोलताव?”

“फोनवर,” मी म्हणालो. माझ्या हातात फोन नव्हता.

“बरं बरं,” तो म्हणाला, आणि म्हशीची पाठ घासू लागला.

रविवारी सकाळी मुलगा मटण आणायला गेला होता. सून मागच्या पडवीत नातीचे केस विंचरत होती. वाडीवरची बाई अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होती. मी पडवीत जाऊन उभा राहिलो आणि वाक्य म्हणालो.

“सॉरी?” सून म्हणाली. माझ्या तोंडून इंग्रजी येईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हते. ती मराठी ऐकायला कान देऊन होती.

मी पुन्हा म्हणायला गेलो. नदीकाठी घोटलेले सगळे गळून पडले. तोंडून निघाले ते कारखान्याचेच. रिक्वेस्ट टू स्टे. मिस्टेक वॉज डन. मग मी थांबलो आणि म्हणालो, “बाय मी.”

तिच्या हातातला कंगवा थांबला. तिने हळू, एकेक शब्द सुटा करून मला इंग्रजीत काही विचारले, आणि माझ्या चेहऱ्यावरून मला कळल्याचे पाहून तिच्या नेहमीच्या वेगाने विचारले, “तुम्हाला सगळं कळतं?”

“येस.”

“त्या दिवशी जेवताना बोललो ते?”

“येस.”

तिचा चेहरा लाल झाला. याचा विचार मी केला नव्हता. माझ्या लाजेचाच हिशेब मी करत होतो. मी ऐकत होतो हे कळल्यावर तिला काय वाटेल, हे माझ्या मनातही आले नव्हते. तिने मान खाली घातली आणि नातीच्या केसांतला गुंता सोडवू लागली. मग म्हणाली की तिने कंपनीला होकार कळवला आहे. शुक्रवारी दुपारी.

शुक्रवारी दुपारी मी नदीकाठी होतो.

“आधी का नाही बोललात?” तिने विचारले.

मला खोटे सुचले नाही. “प्रोनन्सिएशन,” मी म्हणालो.

ती हसली. अनावर हसली. मग हसणे थांबले आणि तिने कुर्त्याच्या बाहीला डोळे पुसले. दोरीपासून बाईने हाक मारली, “काय झालं गं ताई?”

“काय नाय,” सून म्हणाली.

माझ्यासमोर म्हणाली. मी सुधारले नाही. या खेपेला सुधारण्यासारखे काही नव्हतेही.

त्या पंधरवड्यात ती नातीला घेऊन गेली. मुलगा बदलीची व्यवस्था होताच मागोमाग गेला. जाताना सून माझ्या पाया पडली. मी हात तिच्या डोक्यावर ठेवला. वाक्य तयार होते. त्याचा आता उपयोग नव्हता. कंपनीला दिलेला शब्द ती मोडणार नव्हती आणि तिने तो मोडावा असे सांगण्याचा अधिकार मी शुक्रवारी घालवला होता.

वर्गात मी अजून जातो. जिन्यापाशी थांबत नाही. दुकानदाराने एकदा हाक मारली, “काका, आधार पुरलं वाटतं?” मी म्हणालो, “इंग्रजी शिकायला जातो वर.” तो म्हणाला, “मला वाटलंच,” आणि यंत्रात कागद घालत राहिला. नेरळच्या मुलीला नोकरी लागली. तिच्या जागी दुसरी मुलगी आली आहे. ती फार जोरात हात आपटते. माझ्याकडून तो नियम पाळला जात नाही. चूक ऐकू येते, पण हात उचलत नाही. शिक्षक म्हणतो की चाचा, यात दुसऱ्याचं नुकसान आहे. असेल.

वाडीवरची बाई आता आठवड्यातून दोनदा येते. आम्ही दोघेही फारसे बोलत नाही. मागे एकदा तिने विचारले, “ताईचा फोन आला व्हता का?” मी म्हणालो, “आला होता.” ती म्हणाली, “मला पन येतो. मला सगळं सांगते ती.” मला तिचा हेवा वाटला. इतकी वर्षे लोकांनी माझ्या मितभाषी स्वभावाचा आदर केला, आणि त्या आदराची किंमत मला एका बाईने झाडू मारता मारता बोललेल्या वाक्याने कळली.

दर रविवारी सून फोन करते. आम्ही इंग्रजीत बोलतो. ती विचारते, जेवलात का. मी म्हणतो, आय एट. मग, आय वेंट टू द क्लास. ‘आय’ आता विसरत नाही. कुठे अडलो की ती तो शब्द म्हणून दाखवते आणि मी तो पुन्हा म्हणतो. मागून नात माझी नक्कल करते. त्या दोघी हसतात ते मला ऐकू येते. तरी शब्द बाहेर येतात. समोर माणूस नसला की बोलणे सोपे जाते, हे मी अभिमानाने लिहीत नाही.

मागच्या रविवारी तिने विचारले, काही दिवस आमच्याकडे येऊन राहाल का. प्रश्न मला पहिल्या खेपेलाच कळला होता. मी होकार दिला. लगेच दिला, ओठ गोल आहेत की नाहीत हे न पाहता. ती म्हणाली, “सॉरी?”

मी पुन्हा म्हणालो.